आडबाजूच्या किनाऱ्यावरचं लॉज: तारीख आधी चंद्र पाहून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनारी अभयारण्यातल्या एका एकाकी लॉजमध्ये चार रात्री राहायचा बेत आहे. बरोबर आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली, गुडघे धरलेली आई. लॉजकडे पौर्णिमेच्या आठवड्यात जागा आहे आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. शेवटचा रस्ता वाळूतला, मोबाइलला रेंज नाही, वीज सोलरची. यातला कुठला आठवडा घ्यावा, आणि या दोघींना घेऊन मुळात जावं का?

जावं, आणि पुढचा आठवडा घ्यावा. पण हे उत्तर दोन-तीन गोष्टींवर उलटू शकतं. म्हणून नुसतं उत्तर न देता त्यामागचा हिशोब सांगतो, म्हणजे तुमच्या ठिकाणाला तो लागू पडतो का हे तुम्हालाच पडताळता येईल.

मी अशा जागी आधी गाइड म्हणून आणि पुढे लॉजचा कारभार सांभाळत बरीच वर्षं काढली. बुकिंग करताना लोक विचारतात ते खोलीबद्दल: पंखा आहे का, समुद्र दिसतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. परत जाताना तोंड पाडून जाणारे मात्र खोलीबद्दल क्वचितच बोलतात. त्यांचं म्हणणं असं असतं की ज्या वेळी मुलांना पाण्यात जायचं होतं तेव्हा नेमकी भरती, किनाऱ्याला वाळूच शिल्लक नाही. कासवं बघायला आलो तर हंगाम उलटून गेलेला. आईला खोलीतून किनाऱ्यावर उतरताच आलं नाही. यातलं काहीही लॉजच्या हातात नसतं, आणि सगळं आधी कळू शकलं असतं. तुमचा खरा प्रश्न म्हणूनच असा आहे: त्या चार दिवसांत समुद्र, चंद्र आणि अभयारण्याचे नियम तुम्हाला कधी आणि किती मोकळं सोडणार, आणि काही झालंच तर डॉक्टर किती दूर आहे?

भरती-ओहोटीपासून सुरुवात करतो, कारण तारीख तिच्यावर ठरते. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे आजची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं. पाणी वर खूप चढतं आणि खाली खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. एकाच किनाऱ्यावर उधाणाचा चढउतार भांगाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. पौर्णिमेच्या आठवड्यातला किनारा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातला किनारा हे फोटोत एक असले तरी वापरायला दोन वेगळे किनारे आहेत.

पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही, हेही लक्षात ठेवा. ओहोटी ते भरती हे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर खेळायला गेलेली मंडळी अडकतात ती याच वेळी. पहिल्या तासात पाणी जागचं हललेलं दिसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि नंतर परतीची वाट घोट्याएवढ्या पाण्यातून छातीएवढ्या पाण्यात जाते. मुलीला घेऊन खडकांकडे जाल तेव्हा ओहोटीचं टोक गाठायच्या तासभर आधी जा आणि पाणी वळलं की निघा.

आता एक गोष्ट, जी लॉजच्या वेबसाइटवर कधीच नसते. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या कुठल्याही एका किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली भरती वर्षभर साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. एखाद्या ठिकाणी पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असेल तर तिथे अमावास्येलाही ती बाराच्याच सुमारास असणार, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. आठवडाभरानं हे सगळं जवळपास सहा तासांनी सरकतं: ओहोटी दुपारी, भरती सकाळ-संध्याकाळ. म्हणून लॉजला फोन करून एवढंच विचारा: “पौर्णिमा-अमावास्येला तुमच्याकडे सगळ्यात खालची ओहोटी किती वाजता असते?” कागद न बघता उत्तर आलं तर समजा, तिथली माणसं समुद्राकडे बघून काम करतात. “तुम्ही आल्यावर बघू” असं उत्तर आलं तर बाकीच्या उत्तरांकडेही जरा शंकेनं बघा.

माझं उत्तर उलटतं ते इथे. तिथली उधाणाची ओहोटी सकाळी नऊ-दहाला असेल आणि किनाऱ्याला खडक असतील, तर पौर्णिमेचाच आठवडा घ्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात, एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडलेले, मधल्या डबक्यांत समुद्रफुलं, तारामासे, बोटाएवढे मासे. आठ वर्षांच्या मुलीला याहून चांगली शाळा नाही. पण किनारा निव्वळ वाळूचा असेल, किंवा उधाणाची ओहोटी अवेळी असेल, तर पुढचा आठवडा बरा: प्रवाहांचा जोर कमी, वाळूचा पट्टा दिवसभर बऱ्यापैकी रुंद, आणि चंद्र उशिरा उगवत असल्यानं संध्याकाळ अंधारी. आणि तुमचं लॉज भूमध्य समुद्रावर किंवा कॅरिबियनच्या बहुतेक किनाऱ्यांवर असेल तर हे सगळं विसरा. तिथे चढउतार इतका थोडा असतो की तारीख ठरवताना वारा आणि पावसाचा हंगाम पाहणं पुरेसं आहे.

अंधाराचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि रात्रभर डोक्यावर राहतो. किनारा सुंदर दिसतो, पण आकाशगंगा पुसली जाते आणि लाटांतली निळसर चमक, म्हणजे सूक्ष्मजीवांचा प्रकाश, असली तरी नीट दिसत नाही. पौर्णिमेनंतरच्या अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. मुलगी जागी राहील तेवढे सगळे तास गडद अंधाराचे मिळतात. शहरातल्या मुलांनी खरा अंधार फारसा पाहिलेला नसतो. पहिल्या रात्री ती थोडी बिचकतात आणि दुसऱ्या रात्रीपासून टॉर्च बंद करायचा हट्ट धरतात.

कासवांसाठी जाणार असाल तर चंद्राच्याही आधी हंगाम बघा, कारण तो प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इसिमांगालिसो पाणथळ उद्यानात लेदरबॅक आणि लॉगरहेड मादी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत अंडी घालायला वर येतात आणि पिल्लं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. तिथे १९६३ पासून कासवांची सलग नोंद ठेवली जाते. कोस्टा रिकाच्या टोर्टुगेरोला हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. अंडी उबायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे एकाच किनाऱ्यावर मादी बघायचे महिने आणि पिल्लं बघायचे महिने वेगळे असू शकतात. “तुमच्याकडे कासवं दिसतात का?” असं विचारलं तर प्रत्येक लॉज हो म्हणेल. “आम्ही येतो त्या आठवड्यात मादी येतात की पिल्लं निघतात, आणि रात्री किनाऱ्यावर कोण घेऊन जातं?” असं विचारा.

मादी वर येते तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे नियम जाचक वाटणार नाहीत. ती पाण्यातून निघते, मध्येच थांबते, डोकं उचलते. या घडीला कुणी टॉर्च मारला, उभं राहिलं किंवा पुढे जाऊन वाट अडवली तर ती वळून थेट पाण्यात जाते, अंडी न घालता. भरतीरेषेच्या वर पोचली की आधी अंगभर खळगा करते आणि मग मागच्या पंखांनी अंड्यांची खोली खणते: एक पंख आत जातो, कडा वळवून मूठभर वाळू उचलतो, बाजूला अलगद ठेवतो, मग दुसरा. मागे वळून न बघता, केवळ स्पर्शावर. अंडी पडायला लागली की ती जरा सुन्न होते, आणि गाइड सहसा याच वेळी माणसांना मागच्या बाजूनं जवळ बोलावतो. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, मऊ कवचाची अंडी एकामागून एक. लॉगरहेडची एका खेपेला शंभराच्या आसपास. त्या काळात तुमच्या मुलीला कुजबुजायलाही कुणी हरकत घेणार नाही, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश एकदाही चालणार नाही. टोर्टुगेरोमध्ये तर रात्रीच्या कासव-फेरीला कॅमेराच नेता येत नाही आणि परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही. हे मला योग्यच वाटतं. मोबाइल आले तेव्हापासून लोक कासव बघायचं सोडून पडद्यावर बघायला लागलेत.

पिल्लांचं गणित प्रकाशाचं आहे. घरट्यातून बाहेर पडलेलं पिल्लू सगळ्यात उजळ आणि सगळ्यात खालच्या क्षितिजाकडे पळतं. नैसर्गिक किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं, जमिनीच्या बाजूला झाडी आणि वाळूच्या टेकड्यांची काळी रेघ असते. व्हरांड्यातला एक पांढरा दिवा हे उलटं करतो आणि पिल्लं जंगलाकडे चालू लागतात. म्हणून चांगल्या लॉजमध्ये रात्री दिवे कमी, खाली वळवलेले आणि पिवळट-तांबूस असतात, समुद्राकडे तोंड असलेले मुळीच नसतात. पाहुणे याला लॉजची कंजुषी समजतात. तुम्हाला मात्र हे निवडीचं एक साधन समजता येईल: ज्या लॉजच्या रात्रीच्या फोटोत अख्खा किनारा पांढऱ्या दिव्यांनी उजळलेला दिसतो, तिथे निसर्ग हा शब्द फक्त जाहिरातीत आहे. तुम्ही स्वतः लाल प्रकाशाचे डोक्याला बांधायचे टॉर्च न्या. आईसाठी वेगळा एक. जेवणघरापासून खोलीपर्यंतची वाट अंधारीच असणार.

पोहण्याबद्दल थोडं कडक बोलतो. अशा किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, हे गृहीत धरा. उघड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बुडण्याचं मोठं कारण लाट नसते, ओढ असते: लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत समुद्राकडे धावतं. हा रिप करंट ओळखायला शिका. दोन्हीकडे लाटा फुटून पांढऱ्या झालेल्या असतात आणि मधे एक पट्टा असा असतो जिथे लाट फुटतच नाही. पाणी जरा गडद किंवा वाळूनं गढूळ, वर फेसाचे पुंजके समुद्राच्या दिशेनं सरकताना दिसतात. नवखे पालक शांत पाणी म्हणून नेमकं तिथेच मुलांना उतरवतात. जोरदार ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकते, त्यामुळे तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणं म्हणजे दम घालवणं. तरंगत राहायचं, हात वर करायचा, ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहून फुटणाऱ्या लाटांकडे जायचं आणि त्यांच्याबरोबर परत यायचं. साधारणपणे ओहोटीच्या आसपास ओढीचा जोर वाढतो, उधाणात आणखी. तुमच्या मुलीसाठी माझा नियम साधा आहे: पाणी तिच्या कमरेच्या वर नाही आणि तुम्ही हाताच्या अंतराच्या बाहेर नाही. ज्या लॉजसमोर खडकांच्या आडोशाला उथळ, बंदिस्त पाणी आहे ते लॉज लहान मुलांसाठी दुप्पट मोलाचं, मग खोल्या कशाही असोत.

उष्ण प्रदेशातल्या बहुतेक किनाऱ्यांवर सकाळ शांत असते. जमीन तापली की उशिरा सकाळपासून समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. पाणी ढवळतं, वाळू उडते, स्नॉर्केल लावून काही दिसत नाही. पाण्यातलं सगळं सकाळी उरका, दुपार झोपेची आणि पत्त्यांची. उन्हाचंही तेच. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे छत्रीखाली बसलं तरी खालून भाजतं. मुलीला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, क्रीमचा अर्धा त्रास वाचतो.

आता आईंचं. किनाऱ्याला चिकटून असलेली चांगली लॉज सहसा पहिल्या वाळूच्या टेकडीच्या मागे, झाडीत लपलेली असतात. कारण उघड आहे: पुढची टेकडी वादळात किनाऱ्याला वाचवते आणि तिच्यावरच्या वेली-गवत तुडवलं की वारा तिथून वाळू उचलून टेकडीला भगदाड पाडतो. म्हणून खोलीतून समुद्राची गाज ऐकू येते पण समुद्र दिसतोच असं नाही, आणि किनाऱ्यावर जायला टेकडी ओलांडणारी लाकडी पायवाट असते. पायऱ्यांची. गुडघ्यांच्या दृष्टीनं सगळा प्रश्न या पायऱ्यांचा आहे. “चालायला सोपं आहे का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पायऱ्या किती, कठडा आहे का, मध्ये बसायला बाक आहे का, आणि टेकडीच्या माथ्यावर समुद्र दिसेल अशी सावलीतली जागा आहे का, हे विचारा. अशी जागा असेल तर आईंचे चार दिवस उत्तम जातात. माझ्या अनुभवात वयस्कर पाहुणे तिथेच सगळ्यात जास्त बघतात, समुद्रातले देवमासेसुद्धा, कारण ते उंचीवर एका जागी बसून असतात.

वाळूत चालायचंच असेल तर कोरड्या वाळूत नको, तिथे प्रत्येक पावलाला गुडघा वळतो. भरती उतरल्यावर ओलसर, टणक वाळूचा जो पट्टा उघडा पडतो त्यावर चालायचं. किनारा उतरता असेल तर एक पाय सतत खाली पडतो, म्हणून थोडं चालून उलट फिरायचं. ओल्या पट्ट्यातून चालण्याचा आणखी एक फायदा आहे: चिलखे आणि सुरयांसारखे पक्षी भरतीरेषेच्या वर, उघड्या वाळूतच अंडी घालतात. अंडी वाळूच्या रंगाची असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी तुमच्यापुढे पंख मोडल्यासारखा फरफटत चालला तर समजा तुम्ही घरट्याजवळ आहात. तो तुम्हाला लांब नेऊ पाहतोय. आल्या पावली मागे फिरा.

पाणी आणि विजेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे कुरकुर याचीच होते. वाळूच्या टेकड्यांखाली पावसाचं गोडं पाणी साठतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं त्याच्यावर तरंगत राहतं. जमिनीखालची गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं, असा ढोबळ हिशोब आहे. उलटं वाचलं तर भीती कळते: उपसा करून ती पातळी थोडीशी उतरवली की खालून खारं पाणी कितीतरी पट वर येतं, आणि एकदा विहीर खारी झाली की सहजासहजी गोडी होत नाही. अंघोळीला बादलीभरच पाणी मिळालं किंवा त्याला किंचित मचूळ चव लागली तर त्यामागे हे असतं. प्यायचं पाणी वेगळं देतात का, ते मात्र आधी विचारा. सोलरवर हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्याची केटली चालत नाही. आईंचं एखादं औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागत असेल, किंवा झोपताना श्वासाचं यंत्र लागत असेल, तर ते बुकिंगच्या आधी लेखी कळवा, कारण काही ठिकाणी रात्री वीज पूर्ण बंद होते.

वाळूतल्या रस्त्याला घाबरू नका, पण स्वतः गाडी हाकणार असाल तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच हवी आणि वाळू लागताच टायरमधली हवा उतरवायला हवी. रस्त्यावर साधारण ३२ पीएसआय असते ती १५ ते १८ वर आणतात. टायर पसरतो, रुततो कमी. परत डांबरी रस्त्याला लागलात की आधी हवा भरायची, मग वेग. लॉजचा रस्ता किनाऱ्यावरूनच जात असेल तर पुन्हा भरतीचं वेळापत्रक आडवं येतं: ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी घालू नका, असाच सल्ला देतात. काही देशांत किनाऱ्यावर गाडी नेणंच बंद आहे. दक्षिण आफ्रिकेनं २००१ च्या अखेरीस नियम काढून करमणुकीसाठी किनाऱ्यावर गाडी चालवण्यावर बंदी आणली. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी लॉजची गाडी घ्यायला सांगेन. अभयारण्याचं गेट सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतं, आणि रुतलेल्या गाडीत मुलगी रडतेय, आईंचे पाय सुजलेत, उजेड जातोय, या अवस्थेत कुठलंच लॉज सुंदर दिसत नाही. शेवटच्या गावातून दुपारी दोनच्या आत निघता येईल असं पाहा.

लोकांना भीती असते ती समुद्रातल्या प्राण्यांची. बऱ्याचदा ती टेकडीमागच्या प्राण्यांची असायला हवी. इसिमांगालिसोच्या तळ्यांत आणि खाडीत पाणघोडे आणि मगरी आहेत. तिथल्या सेंट लुशिया गावात तर पाणघोडे रात्री रस्त्यावरून चरत फिरतात. क्गारीवर डिंगो, म्हणजे रानटी कुत्रे, आहेत. तिथे मुलांना एकटं सोडू नका असं सांगतात, आणि डिंगोंना खायला घातलं तर दंड होतो. तुमच्या ठिकाणी कोण आहे ते विचारा आणि मुलीला एकच गोष्ट पक्की सांगा: गोड्या पाण्याच्या काठाला मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. खडकांत दुसरी एक गोष्ट: शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला तर उचलायचा नाही. उष्ण समुद्रांत आत जिवंत गोगलगाय असू शकते आणि काही जातींचा डंख माणसाला मारू शकतो. रिकामे शंख न्यायलाही बहुतेक अभयारण्यांत बंदी असते. शंखात राहणारे खेकडे (हर्मिट क्रॅब) त्यांतच घर करतात.

डॉक्टरचं शेवटी घेतलं, पण निर्णय याच्यावर अडू द्या. लॉजला तीन प्रश्न: जवळचं चांगलं हॉस्पिटल गाडीनं किंवा बोटीनं किती तासांवर आहे, रात्री आणि खवळलेल्या समुद्रात तो वेळ किती होतो, आणि निरोप द्यायला सॅटेलाइट फोन किंवा रेडिओ आहे का. दिवसाचा वेळ सगळे सांगतात, रात्रीचा विचारल्यावर खरं चित्र कळतं. आईंना हृदयविकार असेल आणि रात्रीचा वेळ चार तासांच्या वर जात असेल, तर मी या सहलीसाठी दुसरं लॉज शोधायला सांगेन. नुसते गुडघे असतील तर निघा. विम्यात आजारी माणसाला तिथून बाहेर काढून हॉस्पिटलला पोचवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असायला हवा. “वैद्यकीय खर्च” या दोन शब्दांत तो येतोच असं नाही.

औषधांच्या पिशवीत नेहमीचं तर असेलच. त्यात थर्मामीटर घाला. ब्लूबॉटल (जेलीफिशसारखा डसणारा निळा समुद्रजीव) डसली किंवा पाकट माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यानं, ४५ अंश सेल्सिअसच्या आत, वेदना उतरते. व्हिनेगर ‘बॉक्स जेलीफिश’ या जातीसाठी वापरतात, ब्लूबॉटलसाठी नाही. कुठली जात आहे ते स्थानिक गाइडला माहीत असतं, त्यालाच विचारा. तो प्रदेश मलेरियाचा असेल तर निघायच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, कारण काही गोळ्या जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन दिली तर ऊन जास्त लागतं, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत. तुमची मुलगी नेमकी त्या वयावर आहे, तेव्हा तिचं वय आणि वजन डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईंच्या चालू गोळ्यांची यादीही न्या.

ड्रोन घरी ठेवा. बहुतेक अभयारण्यांत तो उडवता येत नाही आणि पक्ष्यांचे थवे त्याला घाबरून घरटी सोडतात. कॅमेरा असेल तर झिप असलेली पिशवी आणि सिलिका जेल घ्या, खारी हवा लेन्सवर एका दिवसात थर चढवते. ओल्या खडकांवर चालायला मुलीला मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला हव्यात.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही: किनारा वाळूचा आहे की खडकांचा. ते आणि उधाणाच्या ओहोटीची वेळ लॉजकडून कळली की पौर्णिमेचा आठवडा घ्यायचा की पुढचा, हे पाच मिनिटांत ठरेल. तोवर पुढच्या आठवड्याच्या खोल्या धरून ठेवा, आणि खोल्या देणारच असतील तर टेकडीच्या सगळ्यात खालच्या, जेवणघराजवळच्या मागा.